टेकडीचा लांबचा रस्ता

देवासला गेलो की मी भर बाजारातल्या एकाच हॉटेलात उतरतो आणि गाव पायी फिरतो. तिथले म्हातारे मराठी मॅनेजर प्रत्येक पाहुण्याला कागदावर देवीच्या टेकडीचा रस्ता काढून देतात. "भिया, पैदलच जा, मजा येते," असं वर माळवी ढंगात सांगतात.

यंदा मी विचारलं, "काका, चौकातून टेकडी जवळ पडते ना? मग नेहमी लांबून का पाठवता?"

त्यांचं पेन थांबलं. "त्या चौकात आमची लेक गेली हो. रस्ता ओलांडत होती बिचारी."

मी निघालो, तर ते काउंटर सोडून मागोमाग आले. हॉटेलसमोरचा रस्ता ओलांडताना त्यांनी माझं, पन्नाशीच्या माणसाचं, मनगट घट्ट धरलं. पलीकडे पोचल्यावरही त्यांना ते सोडवेना.