छापून आलेला विजय
चिन्नोर तांदूळ शिजतानाचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत माझे सासरे आमच्या आमगावच्या भागातून उभे होते आणि नागपूरच्या एका पेपरचा बातमीदार आठवडाभर आमच्याच ओसरीवर मुक्कामाला होता. एकाही खेड्यात तो फिरकला नाही. मी चुलीपुढे घामाघूम होऊन चिन्नोरचा भात रांधायची, वर घरचं तूप वाढायची आणि हा बोटं चाटत बातमी लिहायचा. मतदानाच्या आदल्या दिवशी रेल्वेने पेपर आला, त्यात मोठ्या अक्षरांत ‘विजय निश्चित’. सासऱ्यांनी हरखून तो गावागावांत मोठ्याने वाचून दाखवायला लावला. दुसऱ्या दिवशी मतदान संपत आलं तरी मतदानाचं केंद्र असलेली शाळा ओस, म्हणून मी खळ्यावर धावले, तर आमच्याच शेतावरची माणसं निवांत बैल फिरवून धान चुरत होती. “मत टाकाले काऊन नाही गेलात?” मी ओरडले. एक म्हातारी हसून म्हणाली, “आता कायले जावाचं, बाई? मालक तं निवडून आले ना, पेपरात छापून आलं!” छापलेलंही खोटं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सासरे पडले. निकालानंतर त्याच बातमीदाराने लिहिलं, ‘हा पराभव आम्हाला आधीपासूनच दिसत होता.’ आज टीव्हीवर तसलीच माणसं छातीठोकपणे निकाल सांगू लागली की मला त्या बातमीदाराला एवढंच विचारावंसं वाटतं: दिसत होता, तर निघायच्या दिवशीही माझ्याकडून भात मागून मागून कसा घेतलास रे?