भिंतीतली खिडकी आणि शेठचं सूत

आमच्या लूमच्या शेडला आणि शेजारच्या चाचांच्या शेडला मिळून एकच भिंत होती, आणि त्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक खिडकी. वाऱ्यासाठी ठेवली होती म्हणे. वारा काही तिच्यातून कधी आला नाही, पण सुताची पोती मात्र बिनदिक्कत जायची-यायची.

खारबावहून लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा ही रीत समजायला मला थोडे दिवस लागले. कापडाचे उभे धागे मोठ्या बीमवर गुंडाळून येतात आणि आडवे पोत्यांतून. या आडव्या सुताला सगळे बाना म्हणायचे. बीम पुरून उरायचं आणि बाना नेमका मध्येच दगा द्यायचा. म्हणून लूम बंद ठेवायचे? छे! बाबा, म्हणजे माझे सासरे, खिडकीशी जाऊन हाळी द्यायचे की पलीकडून पोतं हजर. आपला माल आला की तसलंच पोतं परत. पुष्कळदा हाळी मारायचीही गरज नसायची. एका बाजूची खडखड थांबली की दुसऱ्या बाजूचा माणूस आपण होऊन खिडकीत यायचा. "क्या हुआ भाऊ? बाना खतम?" हे चाचांचं ठरलेलं वाक्य. भातशेती मोडून लूम टाकणाऱ्या बाबांना तुटल्या धाग्याला गाठ मारायला याच माणसानं शिकवलं होतं. जमीन भाऊची, अक्कल माझी, असं चाचा हसत हसत म्हणायचे आणि बाबा ते चक्क ऐकून घ्यायचे. घरात दुसऱ्या कुणाची अशी छाती नव्हती.

मग दोन हजार तीन साली कापडावरच्या कराचा नवा नियम आला. बी.कॉम. झालेली सून म्हणजे सासऱ्याच्या घरचा फुकटचा कारकून, त्यामुळे तो समजून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आम्ही मजुरीवर विणून देणारे. सूत शेठचं, कापडही शेठचं, आमची फक्त मीटरमागे मजुरी. सूत घेताना शेठ जो कर भरायचा, तो त्याला पुढे कापडावरच्या करातून वजा करून मिळणार होता. अट एवढीच, की आमच्याकडे पाठवलेलं सूत मुदतीत कापड होऊन त्याच्याकडेच परत गेलं पाहिजे. ते भलत्याच शेडमध्ये सापडलं की वजावट गेली.

हे सांगायला शेठ स्वतः आला. चहासुद्धा घेतला नाही.

"एक पोतं जरी इकडचं तिकडे झालं ना, तर पुढचा माल दुसऱ्या शेडला टाकीन," म्हणाला. "मग मला बोलू नका."

दुसरा शेठ आमच्याकडे नव्हता. त्यानं हात काढून घेतला की सगळे लूम बंद.

तो गेल्यावर बाबा माझ्यावरच उखडले. "सुतावर काय नाव लिवलंय का त्याचं? पोत्याला पोतं देतो ना आपुन?"

"तसलंच सूत देतो, बाबा. तेच सूत नाही देत. त्यांना तेच हवंय."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू नियम मीच काढला होता. मलाही तो मूर्खपणाच वाटत होता, पण माझ्या वाटण्याला विचारतो कोण? कागद करून सूत चाचांकडे पाठवता येईल का, तेही मी कराच्या ऑफिसात विचारून आले. नाही. चाचांचा शेठ वेगळा, त्याचा माल वेगळा. त्या शेठनं तर चाचांना अजून काही सांगितलंही नव्हतं. मी बाबांना म्हटलं, चाचांना सरळ सांगून टाका, ते समजून घेतील.

"काय सांगू?" बाबा म्हणाले. "माझ्या शेडमधला माल माझा न्हाय, असं सांगू?"

हे सगळ्या भिवंडीला ठाऊक होतं. पण ते कधी कुणी तोंडानं बोललं नव्हतं, आणि बाबांना तर ते बोलणं मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पावसाळा सरताना एका दुपारी पलीकडची खडखड थांबली. बाबांना ऐकू आलं. मलाही आलं. बाबा जागचे हलले नाहीत, उगाच एका लूमचा पट्टा तपासत राहिले. थोड्या वेळानं चाचाच खिडकीत आले.

"भाऊ, दो बोरी देना. मेरा माल कल आ रहा है."

बाबा खिडकीकडे गेले. आमच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पोत्यांची थप्पी होती आणि सगळे लूम जोरात चालू होते. त्या आवाजात बाबांना ओरडून बोलावं लागलं.

"न्हाय रे! माझा पन बाना संपलाय!"

चाचांनी बाबांच्या खांद्यावरून आत, चालत्या लूमकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाले आणि बाजूला झाले. मला शेठचा राग आला, नियमाचा आला आणि सगळ्यात जास्त बाबांचा आला. खरं सांगितलं असतं तर काय बिघडत होतं? लाजेनं मी मान वर केली नाही.

भांडण झालं नाही. रस्त्यात भेटले की चाचा सलाम करायचे. ईदला शीरखुर्मा आला, पण खिडकीतून नाही, दारातून आला.

पुढच्या वर्षी सरकारनं नियम सैल केला. वजावट नको असेल तर करही भरू नका, असं झालं. आमच्या शेठनं कटकट नको म्हणून दोन्ही सोडलं. आता पोतं इकडे जाओ की तिकडे, कुणी विचारणार नव्हतं. बाबांनी त्या दिवशी पेढे आणले, चाचांच्या घरीही पाठवले. मला वाटलं, सुटलो.

आणि मग आमचाच बाना संपला. मालाचा टेम्पो कुठेतरी अडकला होता. एकेक करत लूम थांबले आणि शेडमध्ये इतकं शांत झालं, की भिंतीपलीकडचे चाचांचे लूम आमच्यातच चालू असल्यासारखे वाजायला लागले. बाबा खिडकीखाली जाऊन उभे राहिले. हाळी दिली नाही. वाट बघत राहिले. कामगारही बघत राहिले. मीही.

खिडकीत कुणी आलं नाही.

"आपले लूम थांबले, ते ऐकू गेलं असंल ना त्याला?" बाबांनी मला हळूच विचारलं.

"गेलं असणारच," मी म्हटलं. "बाबा, मी जाऊन सांगते चाचांना. तेव्हा नियम होता, शेठनं दम दिला होता, सगळं सांगते."

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"तेव्हा सांगायचं होतं, बाय. आता तो कायदाच न्हाय राहिला. आता सांगितलं तर त्याला वाटंल, मी परत खोटं बोलतोय."

मग त्यांनी कामगारांना घरी जायला सांगितलं.