बाईसाहेबांची दांडी

पक्षिगृहात बावीस वर्षं काढलेल्या त्या राखणदाराला सगळे 'काका'च म्हणत, अगदी त्यांच्याहून वयानं मोठा असलेला फाटकावरचा पहारेकरीसुद्धा. जखमी होऊन आलेले आणि पुन्हा मोकळे सोडता न येणारे शिकारी पक्षी त्यांच्या हाताखाली असत. त्यातली म्हातारी गरुड मादी म्हणजे बाईसाहेब. नाकावर माशी बसू न देणारी. काका तिला मांस बारीक कापून चिमट्यानं भरवत. "माझ्यासाठी कधी असा घास केला होता का हो?" असं बायको म्हणाली की काका मनातून सुखावत.

एका सकाळी नवीन डॉक्टरीणबाईंनी तपासणीत तिच्या छातीला स्टेथोस्कोपची नळी लावली आणि पुन्हा लावली. मग एक्स-रे काढला. फुप्फुसापलीकडच्या हवेच्या पिशव्यांत बुरशीच्या गाठी होत्या.

"हे आठवड्या-दोन आठवड्यांचं नाही, काका. वर्षभर तरी मुरलंय. हे पक्षी दुखणं लपवतात, पण उडी कमी होते, खाणं रेंगाळतं, वजन उतरतं. तुमच्या वहीत यातलं काहीच कसं नाही?"

वहीत खोटं एक अक्षर नव्हतं. 'खाणं पूर्ण', 'दांडीवर बसली', रोज. फक्त तिला वरच्या दांडीवर झेप घेता येईना, तेव्हा काकांनी दांडी वीतभर खाली आणली होती. मग आणखी वीतभर, असं चारदा. मांस फाडताना ती दमू लागली तेव्हा सुरी घेतली, तुकडे उरू लागले तेव्हा चिमटा. वय झालंय बिचारीचं, असं म्हणत स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

गप्प बसले असते तरी चाललं असतं. बाईसाहेब थोडीच चहाडी करणार होत्या. पण काकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "औषध आजच सुरू करू. वरच्या जुन्या जागीही एक दांडी लावा, खालची राहू दे. सकाळी दोन तास अख्खं मांस ठेवा. नाहीच खाल्लं तर भरवा, पण किती भरवलं ते वेगळं लिहा. औषध लागू पडतंय का, ते मला तिच्याकडून कळायला हवं."

"वाचेल ना?"

"वर्षापूर्वी विचारलं असतंत, तर हो म्हणाले असते."

काका पाना आणि एक जादा दांडी घेऊन पिंजऱ्यात शिरले. खांबावर एकाखाली एक अशी बोल्टची चार जुनी भोकं होती. वर्षभराचं दुखणं तिथं नीट नोंदलेलं होतं आणि ती भोकं त्यांनीच, स्वतःच्या हातानं पाडली होती. सगळ्यात वरच्या भोकात त्यांनी ती जादा दांडी घट्ट बसवली, अख्खा तुकडा ठेवला आणि कोपऱ्यात स्टुलावर बसले.

बाईसाहेबांनी वर पाहिलं. पंख अर्धे उघडले आणि मिटले. मांसाला एकदा चोच लावली, एवढ्यानंच धाप लागली. मग त्या काकांच्या हाताकडे बघत राहिल्या. रोजचा चिमटा काकांच्या खिशात होता. काकांना स्वतःची भयंकर लाज वाटली. दोन तास व्हायला अजून पाऊण तास होता.

त्यांनी वही उघडली. 'वर गेली नाही,' असं लिहिलं, आणि त्याखाली त्या चार भोकांच्या तारखा, आठवतील तशा.