सुक्या बोंबलाचं पथ्य

दोन दिवस गोळी चुकवून तिसऱ्या दिवशी श्रावण अकोल्याहून वलगावला बहिणीकडे निघाला. वैद्याच्या औषधाची रीत त्याला लहानपणापासून ठाऊक होती. पथ्य मोडायचं त्या दिवशी पुडी बंद, दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू. त्याने तर दोन दिवस आधीपासूनच बंद केली होती.

बायको गेल्यापासून जुन्या शहरातल्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडे. कचेरीत फाईल उघडी आणि नजर भलतीकडे. अमरावतीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी दीड महिन्यात तो उठला, दाढी करू लागला. मात्र डॉक्टरांनी बजावलं होतं: दारू नाही, सुकी मासळी नाही, सर्दीची गोळीसुद्धा मला विचारल्याशिवाय नाही.

औषध मनाचं आहे हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. गावाने लगेच नागपूरच्या पागलखान्याचं नाव घेतलं असतं. म्हणून मागच्या खेपेला बहिणीने, भागीरथाबाईने, बोंबलाचं कालवण वाढलं, तेव्हा तो नुसतं "पोट बरं नाही" म्हणाला होता.

"पोटाले काय झालं? कचेरीत खुर्ची भेटली, आता आमचे बोंबील वास मारतेत तुले," ती म्हणाली होती. मग हलक्या आवाजात, "बाहेरच्यायनं आपल्या हातचं कधी खाल्लं नाही. आता घरचाच नाही म्हनते."

ते वाक्य महिनाभर त्याच्या खोलीत राहिलं.

या खेपेला तो पोटभर जेवला. "वाढ अजून सायेबाले," मेहुणे नत्थुजी म्हणाले, "नाही तं आपलीच बदली करन धारनीच्या जंगलात!" भागीरथाबाई पदराआड हसली. कितीतरी दिवसांनी श्रावणही हसला.

तासाभरात मानेमागून कळ उठली. डोकं फुटेलसं झालं, छाती धडधडू लागली, सदरा घामाने भिजला. नत्थुजींनी त्याला मिळेल त्या गाडीत घालून अमरावतीला नेलं.

"गोळी दोन दिवस बंद केली, तरी तिचा असर अंगात पंधरा दिवस राहतो," डोक्यातली कळ उतरल्यावर डॉक्टर म्हणाले. "सुक्या मासळीशी तिचं वैर आहे. जीव गेला असता."

भागीरथाबाई खाटेपाशी उभी होती. "कायची गोळी?"

"मनाची," श्रावण म्हणाला.

"काहून नाही सांगतलं मले?"

त्याने भिंतीकडे तोंड वळवलं. तिने त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

पुढच्या महिन्यात तो गेला, तेव्हा तिने त्याच्यासाठी निराळं वरण आणि ताजी भाकर केली होती. सगळ्यांच्या आधी, एकट्यालाच वाढलं. पोरांना अंगणात पिटाळलं. नत्थुजी ओसरीवर दबक्या आवाजात बोलत होते, घरात दुखणेकरी असल्यासारखे.

"बाई, तू पन बस ना संग."

"आमचं होईन मंग. तू निवांत खाय," ती म्हणाली आणि त्याला पदराने वारा घालत राहिली.

त्याने भाकर मोडली. वरण चांगलं झालं होतं.