बरणीतला गोळा

दुष्काळाच्या त्या वर्षी काष्टीची एक म्हातारी आपल्या विधवा सुनेला घेऊन नगरला माझ्या दवाखान्यात आली. सून खडी फोडायला जायची. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली आणि आता पोट दिसायला लागलेलं. कामावरच्या बायकांनी गावभर बभ्रा केला होता. "मोकळी करा हिला," एवढंच म्हातारी म्हणाली. पाळी दर महिन्याला येते, असं सून सांगत होती; पण घरात तिचं ऐकतंय कोण!

हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं वर. मी तपासलं. गर्भाशय लहानच, एका बाजूला ढकललेलं; शेजारी मोठा, मऊ गोळा. लघवीला सारखं जावं लागे, तेही त्याच्याच दाबानं. एक्स-रेत बाळाची हाडं नव्हती, गोळ्याच्या जागी नुसती काळसर छाया होती. चरबीची गाठ तशी दिसते. ओटीपोटात ती क्वचितच होते. मी तोवर पुस्तकातच वाचली होती. माणूस उपाशी राहिलं तरी ही चरबी झडत नाही, हे मी म्हातारीला समजावून सांगितलं.

"खायाला मिळंना, अन् चरबी कुठनं येईल, बाई?" ती म्हणाली. मला तिचा रागच आला, पण प्रश्न बिनतोड होता.

ऑपरेशन सरळ झालं. पातळ पापुद्र्यातला पिवळाधमक गोळा बोटांनीच सुटत आला. काढलेलं नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवायची आमची रीत. म्हातारी बराच वेळ बघत राहिली, मग तिनं डोळ्यांना पदर लावला आणि गावाला दाखवायला गोळा मागितला. एक तुकडा तपासणीसाठी पुण्याला पाठवून उरलेला मी औषधी पाण्यात घालून लोणच्याच्या काचेच्या बरणीत दिला.

टाके काढायला दोघी आल्या तोवर पुण्याहून निकाल आला होता : साधी गाठ, धोका नाही. म्हातारी भलतीच खुशीत होती. बरणी तिनं खडीच्या ढिगावर मांडली होती आणि एकेकीला हाताला धरून दाखवली होती. आता कोणी ब्र काढत नाही, असं ती पडद्यापलीकडून मला पुन्हा पुन्हा सांगत होती. मीही खूश होते.

पडद्याच्या अलीकडे सून माझ्यासमोर पडून होती. शेवटचा टाका निघाला तशी ती म्हणाली, "बाई, त्या गोळ्याचं समद्या गावानं ऐकलं. माजं कुनीच ऐकलं न्हाई."

पलीकडचं म्हातारीचं बोलणं थांबलं.