बुधवार गेला तरी

रविवारच्या शाळेत मी का शिकवायला लागले, याचं खरं कारण दोन वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना वाटायचं, हिला मूलबाळ नाही, मुलांचा लळा आहे. लळा आहेच, पण कारण ते नव्हतं. आमची मराठी उपासना शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका अमेरिकन चर्चच्या इमारतीत होते. सकाळ त्यांची, दुपारी दोननंतर आमची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस. त्याआधी पाळकसाहेब सांगतात, कुणाशी वाकडं असेल तर आधी ते मिटवा, मग पुढे या. माझं वाकडं होतं, माझ्या थोरल्या जावेशी, आणि ती तिसऱ्या रांगेत बसायची. मिटवायचं मला नव्हतं, आणि न मिटवता भाकर घ्यायची हिंमत नव्हती. मुलांचा वर्ग त्याच वेळेला खाली तळघरात भरतो, शिकवणारीला वर जावं लागत नाही. कुणी शिकवायला तयार आहे का, असं विचारल्याबरोबर मी हात वर केला.

पाळकसाहेब भला माणूस. एकदा म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी भाकर आणि प्याला खाली पाठवत जाऊ का?" मी म्हटलं, "नको, मुलं सांडतील." कार्पेट अमेरिकनांचं, त्यामुळे त्यांनी तो विषय सोडला.

भांडण सासूबाईंवरून झालं. म्हणजे त्या बिचाऱ्यांनी काही केलं नाही. त्या नगरला आजारी पडल्या तेव्हा आमच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला, ग्रीन कार्डचे कागद अडकलेले. वकील म्हणाला, आता बाहेर गेलात तर परत कधी येता येईल ते सांगता येणार नाही. नवऱ्याची नोकरी इथे, घर इथे. आम्ही गेलो नाही. दीर आणि जाऊ तोवर इथले नागरिक झाले होते, पण दिरांना सुट्टी मिळेना, म्हणून जाऊ एकटी गेली. साडेतीन आठवडे राहिली, सासूबाई गेल्या, सगळं उरकून आली. आल्यावर इथे स्मरणाची प्रार्थना ठेवली. जेवणं चालू असताना ती कुणाला तरी म्हणाली, "ज्याला यायचं असतं तो कसाही येतो." हळू म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. मी हातातली ताटली तिथेच ठेवली, कोट घातला आणि गाडीत जाऊन बसले. तेव्हापासून अबोला. दोघे भाऊ मात्र दर शनिवारी फोनवर क्रिकेट बोलत राहिले. त्यांना बरं जमतं.

आता एवढं सगळं असून आमच्या दोन घरांमध्ये एक बुधवार शिल्लक होता. जाऊ नर्स आहे आणि बुधवारी तिची ड्यूटी संध्याकाळी सातपर्यंत असते. दीर शिकागोहून ट्रेनने येतात, त्यांनाही तेवढेच वाजतात. त्यांची मुलगी, आता दहा वर्षांची, भांडणाच्या आधीपासून बुधवारी शाळा सुटली की आमच्याकडे यायची. दुसरी सोय नव्हती म्हणून ते चालू राहिलं. ती किचनमधल्या टेबलावर अभ्यास करायची, पुलावातले काजू वेचून आधी खायची आणि मी रागावले की म्हणायची, "काकू, चिल." माझा आठवडा त्या बुधवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत असायचा. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

साडेसातला जाऊ गाडी घेऊन यायची आणि ड्राइव्हवेमध्ये हॉर्न द्यायची. ती आत यायची नाही, मी बाहेर जायची नाही. पोरीच्या हातात मी डबा द्यायची, कारण कितीही वैर असलं तरी दिवसभर उभं राहून आलेल्या बाईला घरी जाऊन स्वयंपाक करायला लावायचं, हे मला जमत नाही. वर निरोपही द्यायची. "तिला म्हणावं, डबा परत पाठवतेस तर झाकण पण पाठवत जा. सहा डबे बिनझाकणाचे झालेत माझे." पुढच्या बुधवारी पोरगी सांगायची, "मम्मी म्हणाली पुलाव मस्त होता. थँक यू म्हणाली." झाकण काही यायचं नाही. मी नुसतं "हं" म्हणायची, पण आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पुढच्या वेळी डबा मोठा जायचा.

यंदा ईस्टरच्या आधीच्या रविवारांसाठी मला विषय दिला, येशूच्या मागे चालायचं म्हणजे काय. वर्गात नऊ मुलं, सगळी इथे जन्मलेली. मी मराठीत विचारायचं, त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा कारभार. कोळ्यांनी जाळी किनाऱ्यावरच टाकली आणि ते त्याच्या मागे गेले, तो पाठ घेतला आणि विचारलं, "तुम्ही काय टाकाल?" एक म्हणाला होमवर्क. एक म्हणाली ब्रोकोली. सगळी खिदळायला लागली. मला राग आला. मी म्हटलं, "नको असलेलं टाकायला येशू कशाला लागतो? जे आवडतं ते टाकून मागे जायचं असतं. आणि एकदा म्हटलं, की मग मागे फिरायचं नाही." वाक्य मला इतकं आवडलं की घरी जाताना गाडीत नवऱ्याला पुन्हा ऐकवलं. तो म्हणाला, "समोर बघ, बर्फ आहे."

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना एकेक कार्ड दिलं. त्यावर एकच गोष्ट लिहायची, आपण सोडणार ती. मुलांनी भराभर लिहिलं. जेवताना आयपॅड, भावाला चिमटे काढणं, पियानोची प्रॅक्टिस केली असं खोटं सांगणं. माझी पुतणी पेन्सिल धरून बसून राहिली. मग तिने विचारलं, "काकू, कुणी खूप मॅड झालं तरी करायचं?"

"तरी करायचं."

"आणि आपल्याला सॅड वाटलं तर?"

"तरीसुद्धा," मी म्हटलं. दुसऱ्याला सांगताना माझा आवाज फार खणखणीत निघतो. तिने काहीतरी लिहिलं, कार्डाची चार वेळा घडी घातली आणि जॅकेटच्या खिशात टाकलं. "नेक्स्ट संडे देते," म्हणाली. मधल्या बुधवारी तिने पुलावाबद्दल काहीच सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, नाक वर होतं ना.

तो पुढचा रविवार महिन्यातला पहिला होता. बर्फाने भिजलेले बूट दारापाशी ओळीने लावलेले, मुलं मोज्यांवर. वरची उपासना ऐकू यावी म्हणून तळघरात एक छोटा स्पीकर आहे, त्याचा आवाज मी नेहमी कमीच ठेवते. मुलं रंगवत बसली होती. पुतणी आली आणि कार्ड माझ्या हातात दिलं. इंग्रजीत लिहिलं होतं, मी गोष्टी बनवून सांगणं सोडीन. खाली बारीक अक्षरात, बुधवार गेला तरी.

"कसल्या गोष्टी?" मी विचारलं.

"मम्मीने कधी थँक यू म्हटलं नाही. मीच म्हणायचे."

"मग ती काय म्हणायची?"

"ऑइल जास्त असतं म्हणायची. एकदा म्हणाली, दाखवायला करते."

"आणि मी झाकणांचं सांगत होते ते?"

"मी सांगितलं, काकू विचारत होती तू टायर्ड आहेस का."

माझ्या डोक्यात सणक गेली. "दोन वर्षं मला फसवत होतीस?" मी जोरात म्हटलं. आठही मुलांचे क्रेयॉन थांबले. ती रडली नाही. म्हणाली, "तुम्ही दोघी खरं ऐकून अजून मॅड झाला असता. मग मला येऊ दिलं नसतं." आणि मग, "तूच म्हणालीस ना, जे आवडतं ते. मला वेन्सडे आवडतो."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. मी काय टाकलं होतं? साधा हेकासुद्धा नाही. वर्ग घेण्याच्या नावाखाली दोन वर्षं तळघरात लपून बसले होते, आणि दहा वर्षांची पोर माझ्या शब्दावर विसंबून तिच्याकडे होतं नव्हतं ते पुढे ठेवून मोकळी झाली होती. स्पीकरवर पाळकसाहेब बारीक आवाजात तेच सांगत होते, कुणाशी वाकडं असेल तर. मी म्हटलं, "चला, सगळ्यांनी वर चला." बूट घालायला वेळ नव्हता. नऊ मुलं मोज्यांवर जिना चढली आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

तिसऱ्या रांगेत जावेच्या शेजारी एक खुर्ची मोकळी होती, तिच्यावर तिची पर्स. मी तिथे जाऊन उभी राहिले. लोक बघत होते, बघू देत. "ताई," मी म्हटलं आणि कार्ड पुढे केलं. तिने वाचलं. मागे वळून पोरीकडे पाहिलं, परत वाचलं.

दोन वर्षांत मनातल्या मनात तिला ऐकवायची मी इतकी वाक्यं तयार केली होती. प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "पुलावात तेल जास्त असतं?"

"असतं," ती म्हणाली. मग कार्डाची घडी घालत, "त्या दिवशी मी ते बोलायला नको होतं."

"नकोच होतं."

"मी एकटी होते गं तिथे," ती हळू आवाजात म्हणाली. "साडेतीन आठवडे. आई विचारायच्या, धाकटीचा फोन आला का. मी लावायचे. तू उचलायची नाहीस."

खरं होतं. व्हिसामुळे मी गेले नाही, हे मी सगळ्या चर्चला सांगितलं होतं. फोन न उचलण्याचा व्हिसाशी काही संबंध नव्हता. स्क्रीनवर तिचं नाव दिसलं की वाटायचं, आता वाईट बातमी असणार, आणि मी फोन पालथा ठेवायची. सासूबाई गेल्यावर हे मी स्वतःलाही कधी सांगितलं नाही, मग बाकीच्यांना काय सांगणार. जावेचं ते एक वाक्य मी दोन वर्षं उराशी धरून ठेवलं, कारण ते धरलं की हे दुसरं आठवायचं नाही.

"माझं चुकलं, ताई," मी म्हटलं. तिने पर्स उचलून मांडीवर घेतली आणि मी बसले. भाकर आली तेव्हा तिने तुकडा घेतला आणि ताटली माझ्याकडे सरकवली.

सगळं त्या दिवशी मिटलं असं मी म्हणणार नाही. तिचा स्वभाव तिच्यापाशी, माझा माझ्यापाशी. पण पुढच्या बुधवारी साडेसातला हॉर्न वाजला नाही, बेल वाजली. दारात जाऊ उभी, ड्यूटीच्या कपड्यांत, बुटांना बर्फ. आत येऊन जेवायला बसली, पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय." पुतणीने चमचा थांबवून माझ्याकडे पाहिलं. मला राग आला, थोडा आलाच. मी दही पुढे सरकवलं.

जेवण झाल्यावर मी सवयीने डबा भरायला घेतला. तशी जावेने सोबत आणलेली प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. पोरीने या वेळी झाकणांचा निरोप जसाच्या तसा पोचवला होता. पिशवीत माझी सहाच्या सहा झाकणं होती.