ओव्हाळ सरांची सही

चित्रकलेच्या तासाला वर्गात शिरताना खोडरबर दारातच जमा करावा लागे. दाराजवळच्या टेबलावर चहापत्तीचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. त्यात टाकायचा आणि घंटा झाली की परत घ्यायचा. कुणी लपवून वापरलाच, तर ओव्हाळ सर ओरडायचे नाहीत. कागद उजेडाकडे धरून खोडलेली जागा शोधायचे आणि म्हणायचे, "हितं काय हुतं? मला ते बघायचं हुतं." चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि तिच्या शेजारी दुसरी काढायची, हा त्यांचा नियम. "ऱ्हाऊ द्या ती चुकलेली. ती हाय म्हणून दुसरी कुठं काढायची ते कळतंय तुमाला." आमच्या चित्रांवर त्यामुळे रेघांचा नुसता गुंता असायचा. तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या शाळेला कधीच बक्षीस मिळालं नाही, आणि हेडसर त्यावरून सरांची सगळ्यांसमोर टिंगल करायचे.

सर तेरचे. सकाळच्या एसटीनं आमच्या गावी यायचे, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत खापरं. तेरच्या रानात नांगरट झाली की जुनी खापरं वर येतात, तिथल्या लोकांना त्यांचं काही वाटत नाही. सर ती वेचून आणायचे, टेबलावर मांडायचे आणि आम्हाला काढायला लावायचे. चित्रकलेच्या मास्तराला खेड्यातल्या शाळेत जेवढी किंमत असते तेवढीच त्यांना होती. रिकामे तास सांभाळायचे, गॅदरिंगचे फलक रंगवायचे, आणि कुणालाच नको असलेल्या दहावी 'ब'चं वर्गशिक्षक व्हायचं. मी त्या 'ब'मध्ये होते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सर रोज मधल्या सुट्टीत माझ्याकडून दहा ओळी लिहून घ्यायचे. म्हणायचे, "मनीषा, पेपर तपासणारा आधी तुझ्या अक्षरावर चिडणार, मग उत्तर वाचणार. त्याला कशाला चिडवतीस?"

त्या वर्षी आम्हाला गणिताला शिक्षक नव्हता. म्हणजे कागदावर होता. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या गणिताचा शिक्षक म्हणून पगार घ्यायचा आणि धाराशिवला सिमेंटची एजन्सी चालवायचा. शनिवारी गाडी घेऊन यायचा, आठवड्याच्या सह्या एकदम करायचा आणि हेडसरांबरोबर चहा पिऊन जायचा. गणिताच्या तासाला ओव्हाळ सर यायचे. गाइड उघडून बसायचे आणि सरळ सांगायचे, "शेकडेवारीच्या फुडचं मला येत न्हाय. तुमी आणि मी मिळून बघू." आम्ही आणि ते मिळून फार काही बघू शकलो नाही. मला दहावीला एक्कावन्न टक्के पडले, गणितात पस्तीस. शाळेत गुणवंतांचा सत्कार झाला तेव्हा मी सतरंज्या टाकायला होते.

बारावी मी धाराशिवला केली, कला शाखेतून, आणि तिथं मार्क चांगले पडले. त्याच उन्हाळ्यात सर आमच्या घरी आले, हातात एका मोठ्या विद्यापीठाच्या अर्जाची प्रिंट घेऊन. बंगळुरूकडचं विद्यापीठ, देशभरातून थोडीच पोरं घेणारं, निवड झाली तर फी माफ आणि हॉस्टेलही फुकट. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं, "तिथं आमच्यातली पोरं जात्यात का?" सर म्हणाले, "गेल्यावर जात्यात म्हणायचं." अर्जात एक रकाना होता. दहावीला साठ टक्क्यांपेक्षा कमी गुण असतील तर कारण लिहा, आणि त्याला शाळेचं पत्र जोडा.

मी कारण लिहिलं की परीक्षेच्या आधी मला टायफॉईड झाला होता. सरांनी ते दोनदा वाचलं.

"टायफॉईड कधी झाला हुता गं तुला?"

"सर, सगळे असंच लिहितात."

"मग तेच्यात तू कुठं हायस?" त्यांनी तो कागद फाडला नाही. बाजूला ठेवला आणि कोरा कागद पुढं सरकवला. "ऱ्हाऊ दे तो. शेजारी खरं लिही."

मी खरं लिहिलं. पूर्ण वर्ष गणिताला शिक्षक नव्हता, एवढंच वाक्य. ते घेऊन आम्ही हेडसरांकडे गेलो. हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "ओव्हाळ, शाळेची अब्रू वेशीला टांगायचीय का तुमाला? टायफॉईडचं पत्र आणा, आत्ता सही देतो." अर्जाला दोन दिवस उरले होते. सर उठले. बाहेर येऊन बाकावर बसले, पिशवीतून कोरा कागद काढला आणि स्वतः पत्र लिहिलं. खाली सही केली आणि सहीखाली लिहिलं, वर्गशिक्षक, दहावी ब.

मला त्या वेळी कळत नव्हतं असं नाही. अठरा वर्षांची होते, चांगलं कळत होतं. अध्यक्ष आमच्या भावकीतले. सर ना भावकीतले, ना गावातले. तेरला बुद्धविहारामागं दोन खोल्यांत राहणारा माणूस. त्या सहीची किंमत कोण मोजणार हे समोर दिसत होतं. 'सर, नको' एवढं म्हणायला मला जड नव्हतं. मी म्हटलं नाही, कारण मला अर्जाची शेवटची तारीख दिसत होती. पत्र घेतलं आणि स्कॅन करायला पळाले.

मुलाखतीत मला त्या पत्राबद्दलच सगळ्यात जास्त विचारलं. आणि माझी निवड झाली.

गावात फ्लेक्स लागला. वर अध्यक्ष, मधे हेडसर, कोपऱ्यात मी, आणि माझ्या शेजारी गॉगल लावलेला पुतण्या, खाली 'मार्गदर्शक शिक्षक' असं छापलेलं. ओव्हाळ सरांचा फोटो नव्हता. मी चिडले तर ते म्हणाले, "बरं झालं. माझी दाढी वाढलीय."

एवढ्यावर भागलं असतं. पण विद्यापीठानं शाळेला इंग्रजीत अभिनंदनाचं पत्र पाठवलं. अध्यक्षांना त्याचा इतका आनंद झाला की, आत काय आहे ते आधी कुणाकडून समजून घ्यावं हेही त्यांना सुचलं नाही. लेटरहेड बघूनच त्यांनी ठरवलं की पंधरा ऑगस्टला, सगळ्या गावासमोर, हे पत्र वाचायचं. इंग्रजीच्या सरांना माइकवर उभं केलं. एक ओळ इंग्रजी, एक ओळ मराठी. मी शाल आणि नारळ घेऊन स्टेजवर उभी. "आपल्या शाळेचे आम्ही आभार मानतो," टाळ्या. "आपली विद्यार्थिनी अत्यंत होतकरू आहे," टाळ्या. "वर्षभर गणिताचा शिक्षक नसतानाही, जे तिच्या वर्गशिक्षकांनी प्रामाणिकपणे कळवले," आणि इंग्रजीचे सर थांबले. तोंडातून निघून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय वाचलं. मागं बसलेली माणसं हसली. पुतण्या पहिल्या रांगेत होता. ओव्हाळ सर झेंड्याच्या खांबाजवळ पोरांच्या रांगा सरळ करत होते, त्यांनी वरही बघितलं नाही.

आठ दिवसांत सर निलंबित झाले. अधिकार नसताना शाळेच्या नावानं खोटं पत्र दिलं, हा आरोप. चौकशी समिती बसली. सरांचं सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. आमच्या वर्गातल्या एकानं तरी येऊन सांगायचं की हो, गणिताला शिक्षक नव्हता. एक्केचाळीस पोरं होतो आम्ही. कुणी गेलं नाही. सरांनी मला फोन केला नाही, त्यांच्या बायकोनं, काकूंनी केला. "तू येशील का गं एक दिवस?" मी म्हटलं, "काकू, माझी परीक्षा आहे." परीक्षा दोन आठवड्यांनी होती.

मग अण्णांचा फोन आला. माझी धाकटी बहीण त्याच शाळेत नववीला होती. अध्यक्ष स्वतः घरी येऊन गेले होते, चहा घेऊन, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून. अण्णा म्हणाले, "तुझं झालंय ना आता. सोनीचं व्हायचंय. आन् भावकी हाय, उद्या तोंड दाखवायचंय." हेडसरांनी मजकूर पाठवला होता, तो स्वतःच्या हातानं लिहून, सही करून द्यायचा होता. मी हॉस्टेलच्या टेबलावर बसून तो लिहिला. 'दहावीच्या वर्षी गणिताचे तास नियमित होत होते. सदर पत्र मी ओव्हाळ सरांकडून आग्रह करून लिहून घेतले.' एकदा लिहिताना चूक झाली तर पूर्ण कागद बदलला. एकही खाडाखोड नसलेला कागद कुरिअरनं पाठवला. माझ्यावर कुणी चाकू धरला नव्हता. मी घाबरले होते, आणि मला मिळालेलं सोडायचं नव्हतं. याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

सरांची नोकरी गेली. पेन्शनला तीन वर्षं उरली होती. नंतर ते तेरला दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरवर नंबर रंगवायचे, असं कानावर यायचं. मी दर सुट्टीला गावी जात होते. तेर वाटेवरच होतं, एसटी तिथं दहा मिनिटं थांबायची. मी गाव दिसणार नाही अशा बाजूला बसायचे. माझ्या शेवटच्या वर्षी सर गेले. पाटी रंगवताना शिडीवरच छातीत कळ आली. सोनी तोवर दहावी झाली होती. तिला गणितात अडतीस पडले. पुतण्या अजून शनिवारीच येतो.

महिन्याभरानं मी तेरला उतरले. काकूंनी चहा केला. चहापत्तीचा तो डबा खिडकीत होता, त्यात ब्रश उभे केलेले. मला वाटत होतं की काकू चार शिव्या देतील आणि मी त्या ऐकून मोकळी होईन. त्यांनी मला तेवढंही दिलं नाही. मीच शेवटी विचारलं, "काकू, माझा कागद सरांनी बघितला होता का?"

"बघितला की. चौकशीत त्येंच्याच हातात दिला, वाचा म्हणून."

"मग?"

"घरी आले. हातपाय धुतले, जेवले. मग म्हणले, मनीषाचं अक्षर लई सुधारलंय."

"आणि?"

"आन् काय. तेवढंच." त्या कप उचलून आत गेल्या.

परवा मी पुढच्या शिक्षणाचा अर्ज भरत होते. विद्यापीठ दुसरं, आणखी मोठं. रकाना तोच. दहावीचे गुण कमी असण्याचं कारण. खरं कारण माझ्याच अक्षरात खोटं ठरवून शाळेच्या फायलीत ठेवलेलं आहे, आणि ते लिहिलं तर त्यावर सही करणारा माणूस उरलेला नाही. मग टायफॉईड लिहिलं. हेडसरांनी पत्रावर लगेच सही दिली.